गेल्या हंगामात चाललेल्या जाहिराती यंदा पुन्हा: हापूस बॉक्स, फेब्रुवारी ते मे २०२५

२४ फेब्रुवारी

काम असं: देवगडच्या एका बागेतला हापूस, दोन डझनांचा पुठ्ठ्याचा बॉक्स, पैसे आगाऊ, पुणे-मुंबई-ठाणे-नाशिकला घरपोच. २०२४ च्या हंगामात फेसबुक-इन्स्टाग्रामवर १४ जाहिराती चालवल्या होत्या. यंदा नवं शूटिंग शक्यतो करायचं नाही. त्याच चौदातल्या चाललेल्या जाहिराती घेऊन दिवसाचं बजेट ₹२,००० वरून ₹६,००० पर्यंत न्यायचं.

आधी मर्यादा ठरवली. फळ, बॉक्स, पेंढा, कुरिअर आणि फुटलेल्या फळांची भरपाई वजा करून एका बॉक्समागे जाहिरातीला जास्तीत जास्त ₹४०० देता येतात. पण ॲड्स मॅनेजरमधला (फेसबुकवर जाहिराती चालवायचं पान) आकडा जीएसटीशिवायचा असतो. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे जाहिरातीवर भरलेल्या १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिटही (विक्रीवरच्या करातून भरलेला कर वजा करायची सवलत) मिळत नाही; ते सरळ खिशातून जातात. म्हणजे मॅनेजरमध्ये ₹३४० दिसले की खरे ₹४०१ गेले. गेल्या वर्षी हे कुणी धरलंच नव्हतं. यंदाच्या शीटमध्ये पहिला रकाना हाच.

२५ फेब्रुवारी

चौदातून निवड. लाइक बघून निवडायची नाही, हे पहिल्या तासातच पटलं. सगळ्यात जास्त लाइक मोहोराच्या व्हिडिओला होते आणि त्यावर ऑर्डरी आल्या होत्या चार. लोकांना मोहोर बघायला आवडतो, त्यावरून आंबा कुणी मागवत नाही.

चाळणी अशी लावली: निदान ₹३,४०० खर्च झालेला (मॅनेजरमधल्या ₹३४० च्या दहापट), निदान ३० ऑर्डरी, आणि आकडे आठवड्यानुसार फोडून पाहिल्यावर सलग दोन साध्या आठवड्यांत टिकलेली. 'साध्या' म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आठवडा सोडून. त्या आठवड्यात काहीही लावलं तरी विकतं. ते यश तिथीचं असतं, जाहिरातीचं नव्हे. एक जाहिरात, जी सगळ्यांच्या मते हमखास होती, ती इथेच गळाली.

उरल्या तीन:

अ. बॉक्स उघडतानाचा २२ सेकंदांचा व्हिडिओ. स्वयंपाकघरातला ओटा, पेंढा बाजूला, फळ हातात.
ब. कच्चा आंबा घरी आढी घालून कसा पिकवायचा, सरकवत बघायचं पाच फोटोंचं कॅरोसेल.
क. कापलेल्या फळाचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि ओळ: 'साका निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून देतो.' (साका म्हणजे गराचा खराब झालेला भाग.)

३ मार्च

अ आणि ब चालू केल्या. पाच ॲडसेट (एक बजेट आणि एक प्रेक्षक असलेला जाहिरातींचा गट), प्रत्येकी ₹४००. जुन्या जाहिराती निवडल्या, डुप्लिकेट केल्या, लिंक यंदाच्या पानाची घातली, पब्लिश.

५ मार्च

तीन दिवसांत ₹६,००० गेले, ऑर्डरी १३. बॉक्समागे ₹४६१.

कारण शोधायला जाहिरात फोनवर उघडली तर खाली शून्य कमेंट. गेल्या वर्षी अ वर ६४० कमेंट होत्या. डुप्लिकेट करताना लिंक बदलली, आणि मजकूर, चित्र किंवा लिंक यांतलं काहीही बदललं की मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) नवी पोस्ट तयार करतं. दिसायला जाहिरात तीच, पण पोस्ट कोरी. आगाऊ पैसे मागणाऱ्या अनोळखी पेजवर गिऱ्हाईक आधी कमेंटच वाचतो, तिथे काहीच नसेल तर पुढे जातो. महागाईचं सगळं खापर यावर फोडता येणार नाही, मार्चच्या सुरुवातीला बॉक्स ₹२,९०० ला होता. तरी पहिली दुरुस्ती इथेच.

६ मार्च

योग्य रीत. जुनी जाहिरात पुन्हा 'वापरायची' म्हणजे तिची पोस्ट वापरायची.

१. ॲड्स मॅनेजरमध्ये जुनी जाहिरात उघडून प्रिव्ह्यूमधून 'फेसबुक पोस्ट विथ कमेंट्स'वर जायचं. पत्त्यात शेवटी मोठा आकडा दिसतो, तो पोस्ट आयडी.
२. आकड्याऐवजी अक्षरांची लांबलचक माळ दिसली तर ती चालत नाही. मग नव्या जाहिरातीत 'यूज एक्झिस्टिंग पोस्ट' निवडून पोस्टची यादी उघडायची. तिथे प्रत्येक पोस्टसमोर आयडी असतो.
३. 'एंटर पोस्ट आयडी'मध्ये तो टाकायचा. पब्लिश करण्याआधी प्रिव्ह्यू फोनवर उघडून जुन्या कमेंट दिसतात का, ते पाहायचं.
४. मजकूर, चित्र, लिंक, बटण यांना हात लावायचा नाही.

एक फालतू चूक, पण अर्धा दिवस गेला. आयडी एक्सेलमध्ये ठेवले होते. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं, आणि अ चा आयडी १६ अंकी. 'पोस्ट सापडत नाही' येत राहिलं आणि परवानग्या तपासण्यात दुपार गेली. रकाना आधी टेक्स्ट करायचा, मगच आयडी चिकटवायचा.

कमेंट फेसबुकच्या फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामच्या इन्स्टाग्रामवर राहतात. फेसबुकच्या पोस्टवर ६४० कमेंट आहेत म्हणून त्या इन्स्टावर दिसतील असं धरू नये.

७ मार्च

लिंक बदलायची नाही म्हटलं तर अडचण ही की जुनी लिंक २०२४ च्या पानावर जाते आणि ते पान बंद. यावर उपाय जाहिरातीत नाही, वेबसाइटवर आहे: जुन्या पत्त्यावरून यंदाच्या पानावर कायमचा रीडायरेक्ट. वेळ दहा मिनिटं.

१० मार्च

दहा मिनिटांच्या कामाने तीन दिवस खाल्ले. रीडायरेक्ट चालत होता, पण पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा सगळा भाग गाळत होता. त्यात यूटीएमही (ऑर्डर कोणत्या जाहिरातीतून आली हे सांगणाऱ्या खुणा) गेले आणि फेसबुकचा क्लिक आयडीही. ॲनालिटिक्समध्ये (वेबसाइटच्या भेटींचा अहवाल) सगळ्या ऑर्डरी 'डायरेक्ट', म्हणजे कुठून आल्या ते न कळलेल्या, आणि मेटाला प्रत्यक्षापेक्षा कमी खरेदी दिसत होती, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची हे तो शिकतही होता अर्धवट माहितीवर. प्लगइनमध्ये 'क्वेरी पॅरामीटर पुढे पाठवा' असा खुणेचा चौकोन होता, तो रिकामा होता. रीडायरेक्ट केल्यावर स्वतः जाहिरातीवर क्लिक करून, शेवटच्या पानाच्या पत्त्यात यूटीएम टिकले आहेत का, हे डोळ्यांनी बघावं.

यूटीएम पोस्टच्या लिंकमध्ये घालायचे नसतात. जाहिरातीच्या ट्रॅकिंग भागात यूआरएल पॅरामीटरची वेगळी जागा आहे, तिथे घातले की पोस्ट तीच राहते. त्यातही एक मेख: कॅम्पेन किंवा ॲडसेटचं नाव आपोआप उचलणारे पॅरामीटर पहिल्यांदा पब्लिश करतानाचंच नाव धरून बसतात. नंतर नाव सुधारलं तरी अहवालात जुनंच येत राहतं. नावं आधी ठरवा.

११ मार्च

क चा निकाल लावला. फोटो आणि हमीची ओळ उत्तम, पण त्याच मजकुरात 'दोन डझन ₹१,७५०' असं लिहिलेलं. यंदा त्या भावात मार्चमध्ये फळ बागेतूनही निघत नाही. आणि तो मजकूर बदलला की पोस्ट नवी. चर्चा बरीच झाली, ३०० च्यावर चांगल्या कमेंट होत्या. शेवटी सोडली. खोटा भाव दाखवून आणलेला माणूस ऑर्डर देत नाही, वर खाली कमेंटमध्ये भांडतो. क नव्याने बांधली: तोच फोटो, तीच हमी, भाव नाही. हापूसचा भाव हंगामातच तीनदा उतरतो, त्यामुळे तो जाहिरातीत नको, पानावर हवा. 'पाडव्याआधी', '६ दिवसांत', 'यंदाचा पहिला तोडा' असले शब्दही त्याच कारणाने काढले.

१२ मार्च

६ ते ११ मार्च: ₹१२,०००, ऑर्डरी ४१, बॉक्समागे ₹२९३. मर्यादेत आलं, पण पाचही ॲडसेटवर 'लर्निंग लिमिटेड', म्हणजे मेटाला शिकायला पुरेशा ऑर्डरी मिळत नाहीत.

हिशोब साधा आहे. शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडायला एका ॲडसेटला सात दिवसांत साधारण ५० खरेद्या लागतात. ₹४०० रोज आणि ऑर्डर ₹२५० ला धरली तर आठवड्याला ११ होतात. हंगाम संपला तरी शिकणं संपणार नाही. शिवाय पुणे 'ब्रॉड' (आवडीची अट नसलेला) आणि पुणे 'आंबाप्रेमी' हे दोन ॲडसेट एकाच लोकांच्या मागे होते. मेटा एकाच पेजच्या दोन जाहिरातींना आपसात बोली लावू देत नाही, जाहिरातीच्या जागेच्या लिलावात एकीलाच पाठवतो, म्हणून दुसरा ॲडसेट मागे पडत होता.

पाचांचा एक केला. चारही शहरं, वय २८ ते ६५, बाकी काही नाही, ₹२,०००, आत अ, ब आणि नवी क. एकत्र करताना अ आणि ब पोस्ट आयडीनेच घेतल्या, त्यामुळे कमेंट जागेवर. सुरुवात मध्यरात्री बाराची लावली. संध्याकाळी चालू केलं तर पहिल्या दिवशी उरलेल्या चार तासांत पैसे ढकलायची घाई होते.

कॉपी करताना दर वेळी तपासायची आणखी एक जागा: ॲडव्हांटेज प्लस क्रिएटिव्हच्या 'सुधारणा', म्हणजे मेटा जाहिरातीत स्वतःहून करतो ते बदल. काही आपोआप चालू झालेल्या आढळल्या. ब च्या एका फोटोवर चौकट वाढवून मेटाने पेंढा 'पुढे रंगवला' होता आणि त्या पेंढ्यात एक न ओळखू येणारं फळही आलं होतं. सगळ्या बंद केल्या.

१४ मार्च

कमेंटची साफसफाई. दोघांचे मिळून पाच तास.

जुनी पोस्ट वापरली की जुनी उत्तरंही आली. अ वर 'रेट काय?' असं विचारणाऱ्या दोनशेच्या वर कमेंट आणि प्रत्येकीखाली आपलंच २०२४ चं उत्तर. भावाची आपली जुनी उत्तरं काढून टाकली आणि नवं एकच ठेवलं: 'आजचा भाव लिंकवर.' तक्रारी मात्र काढल्या नाहीत. एका बाईंनी 'सहा फळं डागी निघाली' लिहिलं होतं, त्याखाली गेल्या वर्षीच फळ बदलून दिल्याची आणि त्यांनी 'मिळाली' म्हटल्याची नोंद होती. अशी एक साखळी पन्नास 'मस्त'पेक्षा जास्त काम करते.

वारंवार येणारे दोन प्रश्न आणि त्यांची ठरवलेली उत्तरं. 'देवगडचाच कशावरून, कर्नाटकचा नाही कशावरून?' याला कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उल्लेख आणि बागेचा फोटो. 'कार्बाइड मारता का?' याला: कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, आमचं फळ कच्चंच येतं, आढीत घरी पिकवा, आणि ब ची लिंक. म्हणजे एका जाहिरातीच्या कमेंटमध्ये दुसरी जाहिरात फुकट वापरली गेली.

१८ मार्च

शिवीगाळ आपोआप लपावी म्हणून पेजवर शब्दांची यादी घातली होती. घाईत त्यात 'साका' आणि 'सडका' हेही घातले. तीन दिवस 'साका निघाला तर काय करता?' हा क वरचा सगळ्यात कामाचा प्रश्न लपत राहिला. लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते, त्यामुळे त्यांना वाटलं उत्तर देत नाहीत. दोन्ही शब्द काढले. यादीत फक्त शिव्या, त्याही देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत, कारण निम्मे लोक मराठी रोमनमध्येच लिहितात.

२१ मार्च

१२ ते २० मार्च: ₹१८,०००, ऑर्डरी ७८, बॉक्समागे ₹२३१. शिकण्याचा टप्पा संपला. पाडवा ३० तारखेला. बजेट एका झटक्यात ₹२,००० वरून ₹६,०००.

२५ मार्च

चार दिवस, ₹२४,०००, ऑर्डरी ६२, बॉक्समागे ₹३८७. जीएसटी धरून ₹४५७. प्रत्येक बॉक्सवर ₹५७ घरचे घातले.

इतकी मोठी उडी म्हणजे मेटाच्या लेखी लक्षणीय बदल, शिकणं पहिल्यापासून. त्यात शनिवारी एकाच दिवशी नऊ हजारांच्या वर खर्च झाला. ही गडबड नाही: रोजचं बजेट हे सरासरी असतं, एखाद्या दिवशी ७५ टक्क्यांपर्यंत जास्त जाऊ शकतं, आठवड्याचा खर्च मात्र सातपटीत राहतो. पॅकिंगला त्या दिवशी बॉक्स कमी पडले तो भाग वेगळा.

परत ₹२,००० वर. खाली येतानाही तोच धक्का बसतो, हे पत्करून पाडवा तसाच काढला.

३१ मार्च

आता पायरीपायरीने. दर तीन दिवसांनी २० टक्के: २,४००, २,८८०, ३,४५६, ४,१४७, ४,९७७, ५,९७२. हा २० टक्क्यांचा आकडा मेटाचा नियम नाही, जाहिराती चालवणाऱ्यांचा अंदाज आहे. पायरी चढायची अट: मागच्या तीन दिवसांचा बॉक्समागचा खर्च मॅनेजरमध्ये ₹३०० च्या आत. नसेल तर थांबायचं. एका दिवसाच्या आकड्यावर काहीही करायचं नाही, कारण आजचा क्लिक परवाही ऑर्डर होतो.

एक स्वयंचलित नियमही लावला: एखाद्या जाहिरातीवर तीन दिवसांत ₹१,५०० खर्च होऊन तीनपेक्षा कमी ऑर्डरी आल्या तर फक्त कळवा. बंद करू नका. बंद करायचा निर्णय माणसाने घ्यायचा.

५ एप्रिल

दुसरी वाट: तीच पोस्ट, नवा प्रदेश. बंगळूर, हैदराबाद, वडोदरा, इंदूर इथल्या मराठी घरांसाठी वेगळं कॅम्पेन, अ चा तोच पोस्ट आयडी. भाषेत 'मराठी' निवडून पाहिलं तर अंदाजित प्रेक्षक इतका आक्रसला की चालवण्यात अर्थ नव्हता. मराठी माणसाचाही ॲप बहुधा इंग्रजीतच असतो. ती अट काढली. व्हिडिओतलं मराठी बोलणंच चाळणीचं काम करतं.

९ एप्रिल

ऑर्डरी येतायत, तक्रारीही येतायत. अ खालच्या कमेंटमध्ये पुणेकरांनी जागोजाग लिहिलंय, 'काल ऑर्डर दिली, आज मिळाला.' बंगळूरला फळ तिसऱ्या दिवशी पोचतं. लोकांनी आमचा मजकूर वाचला नव्हता, कमेंट वाचल्या होत्या आणि त्यावरूनच मनात तारीख धरली. पोस्ट एकच ठेवली की एका गावाचा शब्द दुसऱ्या गावात जातो.

बाहेरच्या शहरांसाठी अ ची वेगळी पोस्ट केली, मजकुरात 'तिसऱ्या दिवशी, कच्चा' स्पष्ट. कमेंट शून्यापासून. खर्च वाढला (₹२७० वरून ₹३१०), पण परतावे थांबले. हे महाग पडलेलं चालेल.

१५ एप्रिल

₹५,९७२ ची पायरी गाठली, मधे कुठे थांबावं लागलं नाही. बॉक्सचा भाव ₹१,९०० वर उतरला हेही त्याला कारण.

इन्स्टाग्रामवर एक रील आपोआप चांगली चालली होती, ती जाहिरात करायला घेतली तर नाकारली. मागे चित्रपटातलं गाणं. असं संगीत असलेली रील प्रमोट करता येत नाही, आणि गाणं बदललं की ती रील राहत नाही. पुढे जाहिरातीला लागेल असं काहीही टाकताना आवाज स्वतःचा, नाहीतर फळ कापणाऱ्या सुरीचा.

२० एप्रिल

अ च्या डिलिव्हरी रकान्यात 'क्रिएटिव्ह लिमिटेड', म्हणजे जाहिरात लोकांना शिळी होऊन महाग पडू लागली. बॉक्समागचा खर्च ₹२३८ वरून ₹२९६. पुण्यात तीच माणसं सरासरी तीन वेळा बघून झाली.

अ बंद केली नाही. २२ सेकंदांच्या मूळ फुटेजमधून फक्त पहिले तीन सेकंद बदलून तीन तुकडे केले, बाकी व्हिडिओ जसाच्या तसा:

पेंढ्यातून हात आत जातो, बोलणं नाही.
सुरी फळात शिरते, मूळ आवाजासह.
बॉक्सवरची चिकटपट्टी फाडतात.

दीड तासाचं एडिटिंग, खर्च शून्य. उभ्या १०८० × १९२० मापात वरचा १४ टक्के आणि खालचा ३५ टक्के भाग अक्षरांपासून मोकळा ठेवला. पहिल्या खेपेस हमीची ओळ रीलच्या बटणांखाली गेली होती. या तिन्ही नव्या पोस्ट, कमेंट कोऱ्या, ते मान्य. तीन वेळा बघितलेल्या माणसाला जुन्या कमेंटचं अप्रूप राहिलेलं नसतं.

२६ एप्रिल

सुरीचा तुकडा ₹२२१. पेंढ्याचा ₹२६४. चिकटपट्टीचा ₹४०० च्या वर, बंद. सुरीवाल्याचा पोस्ट आयडी शीटमध्ये, टेक्स्ट रकान्यात.

२८ एप्रिल

अक्षय्य तृतीया ३० ला. आज दुपारनंतरच्या ऑर्डरी सणाला पोचत नाहीत, म्हणून दुपारी एकला चारही शहरांत बंद. खर्च त्या वेळी सगळ्यात स्वस्त चालला होता, बंद करणं जिवावर आलं.

५ मे

एकूण ₹२,१६,००० अधिक जीएसटी ₹३८,८८०. जाहिरातीतून ऑर्डरी ८७१. मॅनेजरमध्ये ₹२४८, खरा ₹२९३. यात चुकांचे धरले तर मार्चमधले पहिले तीन दिवस आणि उडीचे चार, मिळून ₹३०,०००, जीएसटी सोडून.

१२ मे

जाहिराती बंद, पण पोस्ट काढायच्या नाहीत, जाहिराती डिलीटही करायच्या नाहीत. अ खाली आता ९८२ कमेंट आहेत. त्यांवर अजून रोज चार-पाच प्रश्न येतात, 'अजून आहे का?' वगैरे, ते जूनपर्यंत येतील. उत्तर द्यायला एक माणूस, आठवड्यातून तीनदा. जुना रीडायरेक्ट यंदाच्या पानावरून काढून 'पुढच्या हंगामासाठी नंबर द्या' या पानाकडे वळवला. पॅरामीटर पुढे जातात, तपासलं.